सरकारच तिकडे गेलं

काटोल १९५० ते १९५६ या काळात मध्य प्रदेशात होतं. पुण्यात ऑफिसमध्ये हे कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग फोनवर तपासून बघतो. तुम्हीही बघा. इंग्रजांच्या काळातल्या ‘मध्य प्रांत आणि वऱ्हाड’ या प्रांताचं नाव १९५० मध्ये ‘मध्य प्रदेश’ झालं. राजधानी नागपूर. मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल. कारभाराच्या भाषा दोन, हिंदी आणि मराठी. भोपाळ तेव्हा वेगळं राज्य होतं. म्हणजे काटोलचा शेतकरी मध्य प्रदेशच्या राजधानीला जायला निघाला, तर साठेक किलोमीटरवरच्या नागपुरात पोचत असे.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ हे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. काटोल त्यांच्यासोबत गेलं. काटोलच्या वरच्या अंगाला असलेला सौंसर-पांढुर्ण्याचा भाग छिंदवाडा जिल्ह्यात मोडत होता, म्हणून तो मध्य प्रदेशात राहिला. त्या भागातल्या घरांत मराठी बोलली जात होती, शेतात कापूस होता, आणि सोयरिकी काटोल-नरखेडकडे होत्या. त्यांचं राज्याचं नाव बदललं नाही, पण राजधानी एका रात्रीत नागपूरहून भोपाळला गेली.

माझी आत्या पांढुर्ण्याजवळच्या एका गावात दिलेली आहे. तिचे सासरे ही गोष्ट एका वाक्यात सांगायचे: “आमी कुठी गेलो बाप्पा, सरकारच तिकडे गेलं.”

शाळेत आम्हाला शिवाजी महाराज, पेशवाई, संयुक्त महाराष्ट्र हे सगळं होतं. आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर एक सीमा आहे आणि ती कशी पडली, हे मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हतं. बेळगावचा प्रश्न महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोराला माहीत असतो. सौंसर-पांढुर्ण्याचं नाव काढलं तर लोक विचारतात, ते कुठे आलं?

डोंगरातली रेघ

मी या विषयाकडे वळलो तो पार दुसऱ्या टोकाकडून. लॉकडाऊनमध्ये पाकिस्तान-अफगाणिस्तान सीमेवरच्या पश्तून, म्हणजे आपण ज्यांना पठाण म्हणतो त्यांच्या जिल्ह्यांबद्दल वाचत सुटलो होतो. १८९३ मध्ये सर मॉर्टिमर ड्युरँड आणि अमीर अब्दुर रहमान यांनी एका करारावर सह्या केल्या आणि पश्तूनांच्या मुलखातून रेघ गेली. वझीर, मोहमंद, शिनवारी, अचकझई अशा टोळ्यांची माणसं रेघेच्या दोन्हीकडे झाली. बाजार एकीकडे आणि शेत दुसरीकडे, लग्नाचं वऱ्हाड इकडून आणि मांडव तिकडे.

तिथली अर्थव्यवस्था त्या रेघेवरच उभी राहिली. कराचीच्या बंदरात उतरलेला माल अफगाणिस्तानला जातो म्हणून विनाशुल्क सुटायचा आणि डोंगरातल्या वाटांनी परत येऊन पेशावरजवळच्या बारा बाजारात विकला जायचा. रेघेमुळे दोन भाव तयार झाले होते, आणि दोन भावांच्या मधल्या जागेत हजारो कुटुंबांची चूल पेटत होती. २०१७ पासून पाकिस्ताननं कुंपण घालायला सुरुवात केली. २०२३ मध्ये चमनच्या फाटकावर पासपोर्टची सक्ती आली तेव्हा तिथले मजूर आणि छोटे व्यापारी महिनोन् महिने धरणं धरून बसले. रोज सकाळी पलीकडे जाऊन संध्याकाळी घरी येणाऱ्या माणसाला सरकार विचारत होतं, तू कुठल्या देशाचा?

आमच्या सीमेवर ना कुंपण आहे ना बंदूक. दोन्ही बाजूंना एकच देश, एकच पैसा. त्या माणसांनी जे सोसलं त्याची आणि आमची तुलना होऊ शकत नाही. पण वाचताना एक प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. एकाच माणसांच्या मधून रेघ गेली की त्यांचं नेमकं काय बदलतं, आणि किती वर्षांनी? याचं उत्तर शोधायला मला वझिरीस्तानात जायची गरज नव्हती.

आधी देवगड, मग नागपूर

आज नागपूर मोठं आणि छिंदवाडा लहान. तीनशे वर्षांपूर्वी उलटं होतं. सत्ता सातपुड्यावर होती, देवगडच्या किल्ल्यात. हा किल्ला आज छिंदवाडा जिल्ह्यात आहे. तिथल्या जाटबा या गोंड राजाचा उल्लेख अकबराच्या काळातल्या ‘आईन-ए-अकबरी’त येतो. खालचं नागपूरचं मैदान या राज्याचं खालचं अंगण होतं.

या घराण्यातल्या बख्त बुलंदनं गादीच्या भांडणात औरंगजेबाची मदत घेतली आणि १६८६ मध्ये इस्लाम स्वीकारला. पुढे तो औरंगजेबावरच उलटला. ‘बख्त बुलंद’ म्हणजे ज्याचं नशीब थोर तो. चिडलेल्या बादशहानं त्याचं नाव ‘निगूं बख्त’, म्हणजे फुटक्या नशिबाचा, असं करून टाकलं. पण याच फुटक्या नशिबाच्या राजानं १७०२ च्या सुमारास बारा वाड्या एकत्र करून नागपूर वसवलं आणि बाहेरून कष्टाळू शेतकरी आणि कारागीर आणून मैदानात गावं उभी केली. आमच्याकडची पुष्कळ घराणी आपण ‘वरून’ किंवा ‘बाहेरून’ आलो असं सांगतात. भोयर पवार आपलं मूळ माळव्यातल्या धारचं सांगतात, आणि आज ते बैतूल, छिंदवाडा, वर्धा अशा जिल्ह्यांत, म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत.

बख्त बुलंदनंतर चांद सुलतान आला आणि त्यानं राजधानी खाली नागपुरात आणली. १७३९ मध्ये तो गेला. वारसांत भांडणं लागली, वऱ्हाडातून रघुजी भोसल्यांना मदतीला बोलावलं गेलं, आणि १७४३ मध्ये रघुजींनी राज्य आपल्याकडे घेतलं. गोंड राजाला नावापुरता राजा म्हणून तनखा देऊन ठेवलं.

देवगडचं नाव मात्र कागदावर राहिलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नागपूरचा इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यानं राज्याचे जे भाग पाडले, त्यातला छिंदवाड्याचा भाग ‘देवगड, घाटावरचा’ होता आणि नागपूरचा भाग ‘देवगड, घाटाखालचा’. दोन्ही देवगडच. मधे फक्त घाट.

आता सौंसर कुठे आहे ते बघा. सौंसरहून छिंदवाड्याला जाताना सिल्लेवानीचा घाट चढावा लागतो. सौंसरहून नागपूरला येताना घाट लागत नाही. म्हणजे जमिनीचा कौल घेतला तर सौंसर घाटाखालचं, नागपूरच्या मैदानातलं. सीमा घाटावर पडली असती तर ती समजण्यासारखी होती. ती पडली मैदानात, कपाशीच्या शेतांमधून.

नदी झाली हद्द

ही आमची एकच सीमा नाही. काटोलला याआधीही एक सीमा होती, पश्चिमेला. जुन्या काटोल तालुक्यात आजचा नरखेड तालुकाही होता, आणि त्या तालुक्याची पश्चिम हद्द म्हणजे वर्धा नदी. जलालखेड्याजवळ जाम नदी वर्धेला मिळते. पलीकडे वरुड-मोर्शी, म्हणजे वऱ्हाड. आजही आमच्याकडची माणसं नदी ओलांडली की “वऱ्हाडात गेलो” असं म्हणतात.

अठराव्या शतकात वऱ्हाडात दोअमली होती. निजामाचा सुभेदार आणि भोसल्यांचे अंमलदार असे दोघंही एकाच मुलखातून महसूल घेत. शेतकऱ्याला दोन सरकारं पोसावी लागत. निजामाच्या बाजूची सुभेदारी एलिचपुरात, म्हणजे आजच्या अचलपुरात होती, आणि इथं पश्तून माझ्या वाचनात पुन्हा भेटले. इस्माईल खान पन्नी आणि त्याच्यानंतर सलाबत खान हे एलिचपूरचे नवाब पन्नी या पश्तून टोळीतले. ज्या लोकांबद्दल मी दूरचे म्हणून वाचत होतो, त्यांच्यातलंच एक घराणं आमच्या नदीपलीकडे राज्य करत होतं.

१८०३ मध्ये इंग्रजांनी आडगावच्या लढाईत आणि गाविलगडावर भोसल्यांचा पराभव केला. १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांनी सोडला आणि तो निजामाला मिळाला. दोअमली संपली, वर्धा नदी दोन राज्यांची हद्द झाली, आणि काटोल सीमेवरचा परगणा झाला.

सीमेवर असण्याची किंमत लवकरच कळली. १८०९ मध्ये अमीर खान होळकरांच्या नावानं नागपूरच्या राज्यावर चालून आला. हाही पश्तूनच, आजोबा बुनेरच्या डोंगरांतून आलेले, आणि तो पुढे टोंकचा नवाब झाला. त्याच्या मागेपुढे पेंढारी. १८११ मध्ये पेंढाऱ्यांनी थेट नागपूरच्या वस्त्या जाळल्या. पेंढारी ही काही एक जात किंवा एक धर्म नव्हे. त्यांत पठाण होते, मराठे होते, जाट होते, आणि मोडलेल्या फौजांतून बेकार झालेला कुणीही होता. नागपूर जिल्ह्यातल्या गावोगावच्या मातीच्या गढ्या बहुतेक याच काळातल्या. घोडे येताना दिसले की माणसं गढीत शिरायची. बाहेर राहिलेलं सगळं गेलं असं धरूनच आत लढायची. तुमच्या गावात ‘गढी’ म्हणून एखादं ढासळलेलं टेकाड असेल, तर त्यावर उभं राहून एकदा चहूकडे बघा. ते राजवाड्याचं अवशेष कमी आणि घाबरलेल्या शेतकऱ्यांचा आसरा जास्त आहे.

१८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, १८५३ मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीनं राज्य खालसा केलं. त्याच वर्षी निजामानं वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवला. म्हणजे वर्धेच्या दोन्ही काठांवर आता इंग्रजच होते. तरीही हद्द गेली नाही. वऱ्हाडात मुंबईसारखी रयतवारी आली. शेतकरी स्वतः खातेदार आणि सारा थेट सरकारला. अलीकडे, आमच्या बाजूला, मालगुजारी आली. गावाचा मालगुजार सरकारला सारा भरणार आणि बाकीचे त्याची कुळं. एकच काळी माती, एकच पीक, एकच इंग्रज. पण नदीच्या या काठावरचा माणूस कूळ आणि त्या काठावरचा खातेदार. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला तेव्हा नकाशावरची हद्द पुसट झाली. मालगुजारी कायद्यानं संपली ती १९५१ मध्ये.

मला यातून एक गोष्ट कळली. सीमा पुसली तरी तिनं घालून दिलेला व्यवहार मागे राहतो. रेघ जाते, खातं राहतं.

जिल्हा हाच घटक

आता १९५६ कडे परत येऊ. फाजल अली आयोगानं १९५५ च्या अहवालात विदर्भाचं वेगळं राज्य करावं अशी शिफारस केली होती. ते झालं नाही, तो वेगळा मोठा विषय. आपल्या गोष्टीपुरतं महत्त्वाचं हे की आयोगानं वाटणी करताना साधारणपणे जिल्हा हा घटक धरला. गाव हा घटक धरला असता तर प्रत्येक हद्दीवर शेकडो वाद उभे राहिले असते, अशी त्यामागची भीती होती.

छिंदवाडा जिल्हा एकूण हिंदी आणि गोंडी बोलणारा, म्हणून तो अख्खा मध्य प्रदेशात. त्याच्या खालच्या टोकाला मराठी पट्टा आहे, याला उत्तर नव्हतं. आणि तो छिंदवाडा जिल्ह्यात का होता? इंग्रजांनी १८६१ मध्ये मध्य प्रांत केला तेव्हा कलेक्टरच्या कामाच्या सोयीनं जिल्हे पाडले गेले, त्यात तो तिकडे गेला. जिल्हे पाडणाऱ्या साहेबाला हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं की त्याची ही रेघ नव्वद-पंचाण्णव वर्षांनी राज्याची सीमा होईल. आम्ही कोडमध्ये एखादी तात्पुरती किंमत टाकून ठेवतो, आणि नंतर सगळी सिस्टीम तिच्यावर उभी राहते. तसंच झालं.

बेळगावसारखं आंदोलन इथं का पेटलं नाही? मला दोन कारणं दिसतात. एक, हा सगळा मुलूख आधीच दोन भाषांच्या प्रांतात जवळजवळ शंभर वर्षं राहिला होता. नागपूरच्या बाजारात हिंदी आणि मराठी दोन्ही चालत होत्या आणि आजही चालतात. दुसरं, रस्ता बंद झाला नाही. १९२० च्या दशकात पूर्ण झालेली नागपूर-इटारसी रेल्वे काटोल, नरखेड, पांढुर्णा करतच वर जाते. दवाखान्याला नागपूर, लग्नाच्या साड्यांना नागपूर, कॉलेजला नागपूर. राजधानी भोपाळला गेली तरी पांढुर्ण्याच्या माणसाचे पाय नागपूरकडेच वळत राहिले. जिथं रोजचं अडलं नाही, तिथं मोर्चा निघाला नाही.

भाव जिकडे, माल तिकडे

पण अडलं, ते कापसात.

महाराष्ट्रानं १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. शेतकऱ्यानं कापूस फक्त सरकारी केंद्रावर विकायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही. खासगी व्यापाऱ्याच्या लुटीतून सुटका हा हेतू चांगला होता. पण मध्य प्रदेशात खुला बाजार होता. आता काटोलच्या शेतकऱ्याच्या हातात पांढरं सोनं आहे, वीसेक मैलांवर दुसरा भाव आहे, आणि मधे एक चेकनाका.

पुढे काय झालं ते आमच्याकडच्या साठीच्या पुढच्या कुठल्याही माणसाला विचारा. ज्या वर्षी बाहेरचा भाव वर असे, त्या वर्षी महाराष्ट्राचा कापूस रातोरात नाल्याच्या, पांदणीच्या वाटांनी पलीकडे जाई. ज्या वर्षी सरकारी भाव वर असे, त्या वर्षी पलीकडचा कापूस अलीकडे येऊन इथल्या सातबाऱ्यावर विकला जाई. बैलबंडी तीच, वाट तीच, फक्त तोंड फिरलेलं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ही बंदी उघडपणे मोडायची हाक दिली. आपलाच माल विकायला शेजारच्या गावी नेला तर चोर कसा, हा त्यांचा प्रश्न होता. ही योजना तीसेक वर्षं चालली आणि मग एकाधिकार संपला.

बारा बाजाराबद्दल वाचताना मला हेच आठवत होतं. पेशावरचा पठाण आणि काटोलचा कुणबी यांच्यात तसं काही साम्य नाही. पण दोन सरकारांनी एका रेघेच्या दोन बाजूंना दोन भाव ठरवले की माणूस काय करतो, हे दोन्हीकडे सारखंच दिसतं.

बंदी गेली तरी दोन भावांची सवय गेली नाही. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी, तर दारू कुठल्या हद्दीवरून जाते हे सांगायला नको. नागपूरहून सौंसरकडे जाताना हद्द ओलांडली की बोरगावची औद्योगिक वसाहत लागते. मध्य प्रदेशात जागा, बाजार आणि मोठं शहर नागपूर, असा तिचा हिशेब. २०१७ मध्ये मध्य प्रदेशानं सोयाबीनला भावांतर योजना आणली. बाजारभाव आणि हमीभाव यातला फरक सरकार देणार, पण नोंदणी तिथल्या जमिनीची हवी. त्याच वर्षी महाराष्ट्रानं कर्जमाफी जाहीर केली, तर मध्य प्रदेशाची डिसेंबर २०१८ मध्ये आली. एकाच बोंडअळीनं खाल्लेल्या दोन शेतांपैकी कुणाचं कर्ज कधी माफ होईल, हे बांध कुणाच्या हद्दीत आहे त्यावर ठरलं.

संत्र्याला मात्र हद्द फारशी ठाऊक नाही. नागपूरच्या भोसल्यांनी अठराव्या शतकात औरंगाबादेहून संत्र्याची रोपं आणून आपल्या बागेत लावली असं सांगितलं जातं. तिथून ती काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी आणि पलीकडे पांढुर्णा-सौंसरपर्यंत पसरली. जंभेरीच्या खुंटावर डोळा बांधलेलं तेच झाड, तोच आंबिया आणि तोच मृग बहार, तोच डिंक्या. काटोलला कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. वरुडच्या स्टेशनाचं नावच ‘वरुड ऑरेंज सिटी’. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दिल्लीच्या गिऱ्हाईकाला पांढुर्ण्याचं संत्रंही नागपुरीच वाटतं, आणि खाऊन बघितलं तर तो चूकही नाही.

पण संत्र्याचा भाव ठरवणारी एक सीमा आहे, ती हजार किलोमीटरवर. बांगलादेश हा आमच्या संत्र्याचा मोठा ग्राहक. तिथलं आयात शुल्क २०१९ मध्ये किलोमागे २० टका होतं, ते २०२३ पर्यंत ८८ टका झालं. ढाक्यात एक आकडा बदलला आणि काटोलच्या बागेत व्यापाऱ्यानं दिलेला शब्द फिरवला. त्या हंगामात अलीकडचा आणि पलीकडचा बागायतदार पुन्हा एक झाले, नुकसानीत.

पटवारी, तलाठी आणि एक यादी

आत्याच्या नावावर काटोलला दीड एकर आहे. आजोबांनी मुलींची नावंही चढवली होती. तिच्या सासरची जमीन पांढुर्ण्याकडे. एक बाई, दोन राज्यांत शेतकरी.

इकडे सातबारा, तिकडे खसरा आणि बी-वन. इकडे तलाठी, तिकडे पटवारी. गंमत अशी की आमच्याकडची जुनी माणसं आजही तलाठ्याला पटवारीच म्हणतात. तो शब्द जुन्या मध्य प्रांतातला, सरकारनं बदलला तरी तोंडातून गेला नाही. निस्तार हक्क हा शब्दही तसाच. सरपण, चराई, गावाच्या वापराचं पाणी यांवरचा गावाचा हक्क. विदर्भाबाहेरच्या मराठी मित्रांना हा शब्द समजावून सांगावा लागतो, पांढुर्ण्यात नाही.

काही वर्षांपूर्वी एका योजनेचा अर्ज आत्यासाठी मी ऑनलाइन भरत होतो. जमीन महाराष्ट्रातली, आधारवरचा पत्ता मध्य प्रदेशातला. पत्त्याच्या रकान्यात जिल्ह्यांची यादी उघडली तर तिच्यात फक्त महाराष्ट्राचे जिल्हे. पुढचं बटण दाबलं जाईना. मी रोज असल्याच याद्या लिहितो, त्यामुळे कुणी मुद्दाम केलेलं नाही हे मला लगेच कळलं. ज्यानं ती लिहिली त्याच्या डोळ्यांसमोर दुसऱ्या राज्यात राहणारी आणि इथं शेत असणारी बाई आलीच नव्हती. आत्या शेजारी बसून बघत होती. म्हणाली, “नसन होत त राहू दे, बाबू. आपण काऊन कोनाले तरास द्यायचा?”

ड्युरँडच्या सहीला, फाजल अलींच्या जिल्ह्याला आणि त्या यादीला मी एका ओळीत ठेवतो. तिन्ही ठिकाणी कुणाचा वाईट हेतू असायलाच पाहिजे असं नाही. दूरच्या टेबलावर कामाच्या सोयीनं एक रेघ पडते, आणि जो माणूस दोन्ही बाजूंचा आहे तो तिच्यात मावत नाही. तो भांडत नाही. हळूहळू एक बाजू सोडून देतो.

पोळ्याची अमावस्या

पोळा दोन्हीकडे एकाच दिवशी. आपल्या पंचांगात ती श्रावणातली अमावस्या, हिंदी पंचांगात तीच भाद्रपदातली, कारण तिकडे महिना पौर्णिमेला संपतो. चंद्र एक, महिने दोन. दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते, काटोलात पोरं लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा करतात, आणि पांढुर्ण्यात गोटमार होते. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव. नदीच्या मधोमध रोवलेल्या पळसाच्या झाडासाठी दोन्ही काठांवरून दगड. दरवर्षी शेकडो डोकी फुटतात, माणसं मेलीही आहेत. प्रशासनानं रबरी चेंडू देऊन बघितले, लोकांनी पुन्हा दगड उचलले. सांगतात की एका काठाचा मुलगा आणि दुसऱ्या काठाची मुलगी पळून जात होते, त्यावरून हे सुरू झालं. काठ दोन असले की गोष्ट अशीच बनते. पण सावरगावही पांढुर्ण्याचंच. भांडण आपसातलं, राज्याच्या सीमेशी त्याचा काही संबंध नाही.

सीमेमुळे जे तुटतंय त्याचा आवाज होत नाही. आत्या मराठी वाचते, लिहिते. आतेभाऊ मराठी बोलतो, पण त्याची शाळा हिंदीत झाली. मराठी पेपर तो अक्षरं लावत वाचतो. लिपी एकच आहे म्हणून निभतं. त्याची मुलगी आठवीत आहे. तिला आजीचं बोलणं समजतं, उत्तर ती हिंदीत देते. तिला कुणी मराठी बोलू नको असं म्हटलेलं नाही. तिच्या पुस्तकात, परीक्षेत, मोबाइलवर आणि तिला पुढे हव्या असलेल्या नोकरीत मराठीचं काम पडत नाही, एवढंच. माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर मला या घरात मिळालं. रेघ पडल्यावर भाव लगेच बदलतो, कागद काही वर्षांत बदलतात, आणि भाषेला तीन पिढ्या लागतात.

ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर वेगळे काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. १९५६ मध्ये जिल्हा हा घटक धरल्यामुळे जो पट्टा तिकडे राहिला, तोच आज स्वतंत्र जिल्हा आहे. तेव्हा असता तर? हा प्रश्न मनात येतो, पण आतेभावाला त्यात रस नाही. त्याच्यासाठी कलेक्टर कचेरी घाट चढून जावं लागत नाही, ही मोठी गोष्ट आहे. मलाही आता सीमा हलवून काही मिळेल असं वाटत नाही. राज्य बदला म्हणणं सोपं आहे. त्या आठवीतल्या मुलीला आजीच्या भाषेत वाचता येईल अशी पुस्तकं आणि एक तास शाळेत मिळावा, यासाठी सीमा हलवायला लागत नाही. अर्जातल्या यादीत शेजारच्या राज्याचे जिल्हे टाकायलाही लागत नाही. ते काम अर्ध्या दिवसाचं आहे, हे मी अनुभवानं सांगतो.

मागच्या दिवाळीत ती मुलगी काटोलला आली होती. मी तिला फोनवर जुना नकाशा दाखवला, १९५० चा, ज्यात नागपूर मध्य प्रदेशची राजधानी आहे. तिनं तो बोटांनी मोठा केला, पांढुर्णा शोधलं, काटोल शोधलं. मग विचारलं, “मामा, इसमें बीच की लाइन कहाँ है?”

मी म्हटलं, “तेव्हा ती जिल्ह्याची होती, बारीक. अजून थोडं झूम कर, दिसेल.”